अर्धं वाक्य

१

गुरुवारी सकाळी सव्वानऊ वाजता यंत्राने परवलीचं वाक्य विचारलंच नाही.

खरं तर आण्णा आणि वहिनी तेवढ्यासाठीच सर्व्हरच्या खोलीत आले होते. आदल्या संध्याकाळी विजेच्या दुरुस्तीसाठी सगळी यंत्रं बंद ठेवली होती आणि बंद पडलेलं ते मोठं यंत्र पुन्हा सुरू करायचं म्हणजे या दोघांनी यायचंच, असा तीन वर्षांचा शिरस्ता. आण्णांना वाक्याचा पहिला अर्धा भाग पाठ, वहिनींना दुसरा. आण्णा टाइप करायचे तेव्हा वहिनी दाराकडे तोंड करून उभ्या राहायच्या, आणि वहिनींची पाळी आली की आण्णा भिंतीवरच्या वायरी मोजायचे.

"झालं का हो भावोजी?" वहिनींनी दाराकडे बघतच विचारलं.

"विचारत नाहीये."

"कोण विचारत नाहीये?"

"अहो, हेच. चालू झालंसुद्धा!"

वहिनी वळल्या. पडद्यावर हिरव्या अक्षरांत ओळ उमटली होती : रखवाला सुरू आहे. जोडणी पूर्ण.

'रखवाला' हे त्यांच्या पंधरा माणसांच्या कंपनीचं सॉफ्टवेअर. एकवीस रक्तपेढ्या त्याच्या पहाऱ्यात एकमेकींशी बोलायच्या : कोणत्या गटाचं रक्त कुठे आहे, किती आहे, कुणाला तातडीने हवंय. बोलणं सुरू होण्याआधी दोन्हीकडची यंत्रं एकमेकांना आपापलं ओळखपत्र दाखवायची. ओळखपत्राची नक्कल कुणीही पुढे करेल. ते आपलंच आहे हे पटवायला खासगी किल्ली लागते आणि ती किल्ली म्हणजे संगणकातली एक इवलीशी फाईल. कुणी ती पळवलीच तरी त्याला तिचा उपयोग होऊ नये, म्हणून ती परवलीच्या वाक्याने कुलूपबंद केलेली.

आण्णांनी ती फाईल उघडली. पहिल्या ओळीत 'एनक्रिप्टेड प्रायव्हेट की' असे तीन शब्द असायला हवे होते. दोनच होते. 'एनक्रिप्टेड', म्हणजे कुलूपबंद, हा शब्द गायब.

"वहिनी," आण्णा म्हणाले, "कुणीतरी कुलूप काढलंय."

कुलूप काढायला पूर्ण वाक्य लागतं, आणि पूर्ण वाक्य माहीत असलेला माणूस या जगात नव्हता.

२

दहा वाजता साहेबांनी मास्तरीणबाईंना आपल्या खोलीत बोलावलं. साहेब म्हणजे कंपनीचे मालक, वहिनींचे यजमान आणि आण्णांचे थोरले भाऊ. मास्तरीणबाईंनी वीस वर्षं शाळेत भाषा शिकवली होती. गेली आठ वर्षं त्या इथे मॅन्युअलं लिहीत होत्या : कुठलं बटण कधी दाबायचं, दाबल्यावर काय होतं. सगळं ऑफिस त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं.

"बाई, दार लावून घ्या," साहेब म्हणाले. "मंगळवारी तुम्ही रजेवर होतात. त्या यंत्रावर तुमचं खातं नाही. वाक्यातलं एक अक्षर तुम्हाला ठाऊक नाही. डोळे मिटून विश्वास ठेवावा अशा या ऑफिसात तुम्ही एकट्याच उरलात."

"आणि वहिनी?"

"तिला अर्धं माहीत आहे ना," साहेब कसनुसं हसले.

मग त्यांनी हकिगत सांगितली. फाईल बदलली होती मंगळवारी दुपारी बारा चाळीसला. रखवाल्याची नवी आवृत्ती त्याच दिवशी बसवली होती. सव्वाबाराला आण्णा आणि वहिनींनी आपापला अर्धा भाग टाइप केला आणि दोघं बाहेर पडले. आण्णा थेट दातांच्या दवाखान्यात गेले. वहिनी एक वाजेपर्यंत सगळ्यांसमोर फोनवर होत्या. खोलीत उरला चाचण्या घेणारा मुंगळा. चाळिशीचा, अबोल माणूस. एखाद्या चुकीला चिकटला की ती निघेपर्यंत सोडायचा नाही, म्हणून हे नाव. साडेबाराला तिथे विक्री विभागाचा, अखंड बोलतो म्हणून 'रेडिओ' नाव पडलेला माणूसही दोन पाहुण्यांना घेऊन डोकावला होता.

"फाईल लिहिणाऱ्याचं नाव नोंदीत असतं म्हणतात ना?" बाईंनी विचारलं.

"आहे की. 'रखवाला'! आमच्याच सॉफ्टवेअरच्या खात्याआड लपून कुणीतरी डाव साधलाय." साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "या सगळ्या रक्तपेढ्यांचं काम बघणाऱ्या डॉक्टरबाईंना सकाळीच कळवलं. त्यांनी चार वाजेपर्यंत वेळ दिलाय. हे कुणी केलं, कसं केलं आणि किल्ली बाहेर गेली का, एवढं सांगा. नाहीतर जोडणी तोडते म्हणाल्या. मग एकवीस पेढ्या पुन्हा फोनवर विचारत बसणार, तुमच्याकडे आहे का, तुमच्याकडे आहे का."

"तुम्हाला कुणाचा संशय येतो?"

"मुंगळ्याचा. दुसरं काही निघालं नाही, तर आजपासून त्याला घरी बसवतो."

३

वहिनींचे डोळे लाल झाले होते, पण आवाज नेहमीसारखा खणखणीत होता.

"बाई, मी ते अर्धं वाक्य यांनासुद्धा सांगितलेलं नाही. एकदा तापात बडबडत होते तर शुद्धीवर आल्यावर आधी यांनाच विचारलं, मी काय काय बोलले म्हणून."

"आण्णांनी कधी ऐकलं असेल?"

"भावोजींनी?" वहिनी थांबल्या. "सकाळपासून तोच विचार डोक्यात येतोय आणि माझी मलाच लाज वाटतेय. भावोजींना मी लग्न होऊन आले तेव्हापासून ओळखते. त्यांच्या तोंडून पूर्ण वाक्य काढणं मुश्कील, चोरून काय ऐकणार ते! परवा घरी आले, म्हणाले, 'आलं की सांगा.' मी दोन तास पार्सलची वाट बघत बसले. त्यांना म्हणायचं होतं पाणी!"

बाईंना हसू आलं. वहिनींनाही आलं, आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं.

आण्णा आपल्या टेबलाशी गालाला हात लावून बसले होते. दात काढल्याची सूज अजून उतरली नव्हती.

"ठेवली असती का सांगा," ते एकदम म्हणाले.

"काय ठेवलं असतं आण्णा?"

"जुनी. शेजारीच आहे."

बाईंनी धीराने एकेक प्रश्न विचारून अर्थ लावला. उघड्या किल्लीच्या शेजारीच जुनी, कुलूपबंद किल्ली जशीच्या तशी ठेवलेली होती. नावापुढे 'जुनी' असं लिहून, तारीख घालून. बाईंनी वहीत टिपलं. कुलूप काढणारा चोर जुनं कुलूप नीट चिठ्ठी लावून शेजारी ठेवून जातो? हे काही पटेना.

"आणि नवीन आवृत्ती बसवण्याचं काम पूर्ण झालंय?"

"एक राहिलंय. किल्ली नव्या आवृत्तीच्या साच्यात न्यायची. त्याला आम्ही दोघं लागतो. बोलावलंच नाही अजून." आण्णांनी मान खाली घातली. "बाई, वहिनी माझ्याबद्दल काही म्हणाल्या का हो?"

"म्हणाल्या, तुम्ही चोरून ऐकणाऱ्यातले नाही."

आण्णा चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

४

रेडिओला प्रश्न विचारावाच लागला नाही.

"मी आधीच सांगतो बाई, त्या वाक्यावर माझा राग आहे! हो, आहे! मागच्या महिन्यात साहेबांना पत्र लिहिलं मी. गिऱ्हाइकासमोर यंत्र चालू करायचं, तर आधी आण्णांना शोधा, मग वहिनींना शोधा. गिऱ्हाईक जांभया देतं. पत्राची प्रत हवी तर देतो. पण राग असणं वेगळं आणि कुलूप काढणं वेगळं. मला यातलं काही येत असतं तर मी विक्रीत कशाला आलो असतो?"

"मंगळवारी तुम्ही खोलीत किती वेळ होतात?"

"पाच मिनिटं. पाहुण्यांना दिवे दाखवले. मुंगळा खुर्चीत होता, मांडीवर तुमचं मॅन्युअल. ओळीवर बोट ठेवून वाचत होता. पाहुणे म्हणाले, किती शिस्तीचा माणूस आहे."

ते पाहुणे दारापासून दोन पावलांपुढे गेले नव्हते आणि रेडिओ त्यांच्या मध्ये उभा राहून अखंड बोलत होता, याला ते दोघं साक्षी होते. बाईंनी त्याच्या नावावर रेघ मारली.

मुंगळा चहाच्या खोलीत एकटाच बसला होता. समोरचा चहा निवून त्यावर साय धरली होती.

"मी त्या फाईलला हात लावला नाही," तो म्हणाला. "साहेबांनाही हेच सांगितलं. आता पुन्हा सांगून काही फरक पडणार नाही."

"मला फरक पडेल. मंगळवारी काय काय केलं तेवढं सांगा."

"तुमच्या मॅन्युअलमध्ये आहे तेच. अठरा पायऱ्या आहेत. पहिलीपासून अठराव्यापर्यंत केल्या. पुस्तकाबाहेर एक पाऊल टाकलं नाही बाई. तुमचं पुस्तक मला आवडतं. त्यात कुठे अडखळायला होत नाही."

एरवी हे ऐकून बाईंना दिवसभर बरं वाटलं असतं. त्या वही मिटून उठल्यासुद्धा. दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थबकल्या.

आण्णा म्हणाले होते, एक पायरी राहिलीय. हा म्हणतोय, अठराच्या अठरा झाल्या.

"किल्ली नव्या साच्यात न्यायची पायरीही झाली?"

"चौदावी. झाली की."

"केव्हा?"

मुंगळ्याने आठवून बघितलं. "रेडिओ गेला त्यानंतर लगेच. पावणेएक वाजायला आला होता."

५

बाई आपल्या टेबलाशी आल्या तेव्हा दीड वाजला होता. जेवणाचा डबा त्यांनी उघडला नाही. मॅन्युअल काढून चौदावी पायरी वाचली. स्वतःचंच लिखाण, पण परक्याचं वाचावं तसं वाचलं.

'नवे परवलीचे वाक्य' असा रकाना पडद्यावर येईल. बदल नको असल्यास रकाना रिकामा ठेवून पुढे जावे.

छान, सुटसुटीत वाक्य होतं. वाचणाऱ्याच्या मनात शंका उरू नये असं.

बाईंचा एक नियम होता : जी पायरी स्वतः करून बघितली नाही ती लिहायची नाही. मग ही केव्हा करून बघितली होती? त्यांना आठवेना. त्यांनी खणातून दोन महिन्यांपूर्वीची टिपणवही काढली आणि पानं चाळत गेल्या. सापडलं. त्या आठवड्यात वहिनी गावी गेल्या होत्या. अर्धं वाक्य हजर नाही म्हटल्यावर यंत्रावर ती पायरी करून बघता येईना, आणि छपाईची तारीख तर जवळ आलेली. म्हणून बाईंनी आण्णांना फोन लावला होता. आण्णा जे बोलले ते त्यांनी शब्दाला शब्द उतरवून घेतलं होतं. शिक्षिकेची सवय.

नको असेल तर रिकामं ठेवायचं.

बाई त्या पाच शब्दांकडे बघत राहिल्या. वीस वर्षं त्यांनी फळ्यावर खडूने लिहून मुलांना विचारलं होतं, या वाक्यात कर्ता कुठे आहे? दिसत नसेल तर शोधा. आणि इथे तो नव्हता. नको असेल तर. काय नको असेल तर?

त्या उठल्या आणि आण्णांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आण्णा, चौदाव्या पायरीचा तो रकाना. तुम्ही मला सांगितलं होतं, नको असेल तर रिकामं ठेवायचं. काय नको असेल तर?"

आण्णांनी मान वर केली. हा काय प्रश्न झाला, असा चेहरा.

"कुलूप," ते म्हणाले. "कुलूप नको असेल तर."

६

पावणेतीनला साहेबांच्या खोलीत सगळे जमले. टेबलावरच्या फोनवर रक्तपेढ्यांच्या डॉक्टर होत्या. बाई बसल्या नाहीत. वर्गात उभं राहून बोलायची सवय होती आणि आज उभं राहणं भागच होतं, असं त्यांना वाटलं.

"सव्वाबारानंतर पूर्ण वाक्य कुणालाच ठाऊक नव्हतं, असं आपण सकाळपासून म्हणतोय," त्यांनी सुरुवात केली. "पण किल्ली उघडून एकजण बसलेला होताच. रखवाला. आण्णा आणि वहिनींनी वाक्य दिल्यावर त्याने किल्लीचं कुलूप काढून ती स्वतःच्या स्मरणात घेतली. ती तशी घेतल्याशिवाय त्याला काम करता येत नाही. बरोबर ना आण्णा?"

"बरोबर."

"नोंदीत लिहिणारा म्हणून त्याचंच नाव आहे. कुणी त्याच्या आड लपलेलं नाही. फाईल खरोखर त्यानेच लिहिली. जुनी फाईल तारीख घालून शेजारी ठेवायची शिस्तही त्याचीच. माणूस असता तर पुसून टाकली असती."

"पण त्याला सांगितलं कुणी?" साहेब पुढे झुकले आणि त्यांची नजर मुंगळ्याकडे गेली.

"यांनी," बाई म्हणाल्या. मुंगळ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आणि यांना मी."

बाईंनी मॅन्युअल उघडून टेबलावर ठेवलं.

"चौदाव्या पायरीला रखवाला विचारतो, नव्या साच्यातल्या किल्लीला कुठलं वाक्य लावू? तिथे आण्णा आणि वहिनींना बोलावून पुन्हा वाक्य द्यायचं होतं. मी लिहिलं, बदल नको असेल तर रिकामं ठेवा. यांनी रिकामं ठेवलं. रखवाल्याने त्याचा अर्थ घेतला, कुलूपच नको. आणि उघडी किल्ली लिहून टाकली. आण्णांनी मला फोनवर सांगितलेलं वाक्य अर्धं होतं. उरलेलं अर्धं मी विचारायला हवं होतं. मी ते मनानेच भरलं आणि करून न बघता छापायला दिलं. चूक माझी आहे."

"माझीपण," आण्णा म्हणाले. "रिकामं ठेवल्यावर त्याने निदान एकदा विचारायला हवं होतं, खरंच कुलूप नको का म्हणून. मी तसं लिहिलं नाही."

आण्णांच्या तोंडून एवढं लांबलचक आणि पूर्ण वाक्य ऐकून वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

फोनमधून डॉक्टरांचा आवाज आला. "म्हणजे चोर नाहीच. चांगली गोष्ट आहे. पण किल्ली दोन दिवस उघडी होती ना?"

"होती," बाई म्हणाल्या. "शिवाय रोज संध्याकाळी सगळ्या फाइलींची एक प्रत साठवणीच्या यंत्रावर जाते. तिथेही ती उघडीच गेली असणार. कुणी घेतली असं दिसत नाही, पण घेतली नाही अशी शपथ मी घेणार नाही. माझं म्हणणं विचाराल, तर ती किल्ली मेली असं समजा. ओळखपत्र रद्द करा, आम्ही नवी किल्ली बनवतो, तुम्ही नवं ओळखपत्र द्या. आणि साठवणीतली प्रत आजच नष्ट करू."

"मी हेच सांगणार होते," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही 'काही झालं नाही हो' म्हणाला असतात, तर मी फोन ठेवून जोडणी तोडली असती. पाठवा नवा अर्ज. मी इथेच बसलेय."

७

चार वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा सर्व्हरच्या त्या लहानशा खोलीत पाच माणसं दाटीवाटीने उभी होती. आण्णांनी नवी किल्ली बनवली. नव्या वाक्याचा आपला अर्धा भाग टाइप केला, तेव्हा चौघांनी दाराकडे तोंडं फिरवली. वहिनींची पाळी आली तेव्हा आण्णांसकट चौघं भिंतीकडे वळले. साहेबांचं नाक वायरींना टेकलं आणि त्यांना शिंक आली. वहिनी म्हणाल्या, "आता मला पहिल्यापासून टाइप करावं लागणार!" तेव्हा खोलीतला सकाळपासूनचा ताण एकदम सैल झाला.

मग चौदावी पायरी. या वेळी कीबोर्डसमोर बाई होत्या आणि शेजारी मुंगळा. रकाना आला. आण्णा आणि वहिनींनी पुन्हा आपापला अर्धा भाग भरला. बाईंनी स्वतः फाईल उघडून पहिली ओळ मोठ्याने वाचली. तीन शब्द. तिन्ही जागेवर.

पलीकडून नवं ओळखपत्र आलं, जोडणी झाली आणि एका मिनिटाच्या आत कुठल्याशा पेढीची पहिली विचारणा त्यावरून पुढे गेली. ती काय होती ते इथे कुणालाच दिसत नव्हतं. दिसू नये हेच तर रखवाल्याचं काम.

साहेब मुंगळ्याजवळ आले. "सकाळी मी जे बोललो," असं म्हणून ते अडखळले. मालकाच्या जिभेला माफीचे शब्द लवकर सापडत नव्हते. "ते बोलायला नको होतं. माझं चुकलं."

"मी बायकोला फोन करून सांगितलं होतं, बहुतेक नोकरी जातेय म्हणून," मुंगळा म्हणाला. "आता पुन्हा करायला हवा." तो बाहेर गेला. काचेपलीकडे तो फोनवर बोलताना, आणि मग कपाळावर हात मारून हसताना दिसला. बहुतेक पलीकडून चांगलीच कानउघाडणी होत असावी.

परत आला तो थेट बाईंच्या टेबलाशी. हातात मॅन्युअल होतं.

"तुम्ही रागावला असाल माझ्यावर," बाई म्हणाल्या.

मुंगळ्याने विचार केला. "दुपारी रागावलो होतो थोडा वेळ. पण बाई, खरं सांगू का? मीही ते वाक्य वाचलं आणि मला प्रश्नच पडला नाही. अवघड लिहिलं असतंत तर मी येऊन विचारलं असतं." त्याने शेजारची खुर्ची ओढली. "या पुस्तकात करून न बघितलेल्या आणखी किती पायऱ्या आहेत?"

"एकही नाही, असं मी सकाळी म्हणाले असते," बाई म्हणाल्या. "आता खात्री नाही. साहेबांना विचारून त्या यंत्राशेजारच्या रिकाम्या यंत्रावर बसू या का? मी वाचते, तुम्ही करा. पहिल्या पानापासून."

"आत्ता?"

"तुम्हाला घरी जायची घाई असेल तर उद्या."

"घरी आत्ता गेलो तर फोनवरचं राहिलेलं ऐकावं लागेल," मुंगळा म्हणाला आणि त्याने बाह्या सरसावल्या. बाईंनी विसरलेला डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. जेवत जेवत, वाचत वाचत, ऑफिस सुटेपर्यंत त्यांची नऊ पानं झाली. त्यात मुंगळ्याला दोन चुका सापडल्या. दुसरी सापडली तेव्हा बाईंनी ती तांबड्या शाईने अशी खुशीत टिपून घेतली, की शेजारून जाणाऱ्या रेडिओला वाटलं, यांना कसलंतरी बक्षीस लागलंय.